गोलामागची बोटं

४ सप्टेंबर

डॉक्टरांनी सांगितलंय, रोज लिहायचं. काय घडलं ते, त्याच दिवशी, कुणाला न विचारता. दोन महिन्यांनी वही घेऊन या म्हणाले. या वयात गृहपाठ. रात्री झोप नीट लागत नाही आणि कधीमधी एखादा शब्द ओठांवर येऊन अडतो, एवढीच तक्रार. तीही माझी नाही, बायकोची. तिने डॉक्टरांपुढे यादीच काढली. मी गप्प बसलो, कारण मला सरावाला उशीर होत होता.

वहीही हिनेच आणली. वर मांजराच्या पिल्लाचं चित्र आहे. बावन्न वर्षांच्या गोलकीपरला शोभेल अशी.

डॉक्टरांचा वेळ वाचावा म्हणून आधी माझी कुंडली. एकोणीस वर्षं गोलकीपर, अकरा क्लब. त्यातली बहुतेक वर्षं दुसऱ्या नंबरचा, म्हणजे बाकावर. पहिल्याचा गुडघा दुखावला की मी आत. त्याचा गुडघा बरा झाला की मी बाहेर, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात. निम्मी भांडी बायको खोक्यातून बाहेरच काढायची नाही, कशाला दोनदा गुंडाळायची म्हणून. आता सात वर्षं या क्लबात गोलकीपरांचा कोच आहे. सगळे मला मामा म्हणतात, कारण पहिला गोलकीपर माझा सख्खा भाचा आहे आणि त्याचं ऐकून बाकीचेही तेच म्हणायला लागले. भाच्याला सगळे बोका म्हणतात. कसाही पडला तरी पायांवर उभा राहतो. हे नाव मीच ठेवलंय.

७ सप्टेंबर

मोठी बातमी. सव्वीस ऑक्टोबरच्या मॅचला वरच्या लीगमधल्या क्लबाचा माणूस येणार आहे, फक्त बोक्याला बघायला. मला मुख्य कोचने कोपऱ्यात नेऊन सांगितलं. बोका चोवीसचा आहे. या वयात वर गेला नाही तर माझ्यासारखा गावोगाव खोकी वाहील.

ताईला फोन केला. बोक्याची आई, माझी थोरली बहीण. ती म्हणाली, "तू आहेस ना त्याच्या मागे, मग मला काळजी नाही." मी म्हटलं, मागेच असतो, गोलाच्या. ती हसली नाही. तिला फुटबॉलमधला विनोद कळत नाही.

१४ सप्टेंबर

जिंकलो, एक-शून्य. पण एक भानगड झाली.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर होता. बोका पुढे आला, चेंडू मुठीने उडवला, आणि त्यांच्या एका धटिंगणाचा गुडघा थेट याच्या कानशिलावर बसला. आडवा झाला. मी गोलाच्या मागे होतो. आवाज ऐकला, नारळ आपटल्यासारखा.

आमच्या संघाची फिजिओबाई पळत आली. बाई खमकी आहे. डोक्याला मार बसलेल्याला ती स्कोअरबोर्डाकडे पाठ करून बसवते आणि तीन प्रश्न विचारते. स्कोअर किती, हाफ कोणता, मागची मॅच कुणाशी झाली. एक जरी चुकलं तरी बाहेर, आणि बाहेर म्हणजे तीन आठवडे नुसतं बसायचं. तसा लेखी नियमच आहे.

पण प्रश्न विचारताना तिची पाठ गोलाकडे असते, आणि गोलामागे मी असतो. उजव्या हाताची बोटं म्हणजे आपले गोल, डाव्या हाताची त्यांचे. मग उजवा अंगठा, वर पहिला हाफ, खाली दुसरा. मागच्या मॅचचं उत्तर आदल्या दिवशी पाठ करून घेतलेलं असतं. समोरच्या टोकाला बोर्ड आहेच, पण मला तो बघावा लागत नाही. मॅच माझ्या डोक्यात चालू असते.

बोक्याने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दाखवलं, त्याने सांगितलं, ती उठली.

ही आम्हा गोलकीपरांची जुनी रीत. मला माझ्या कोचने शिकवली, म्हातारा म्हणायचो आम्ही त्याला. बाकीचे दहा जण बदलून आत-बाहेर होतात, पण गोलकीपर बाहेर गेला की त्याची जागा गेली. मला ज्या काही जागा मिळाल्या त्या अशाच, दुसऱ्याच्या गेलेल्या.

नंतर कपडे बदलताना बोका म्हणाला, "मामा, आज आपण खेळलो कुणाशी?" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. चेष्टा करण्यात याचा हात कोण धरेल.

१५ सप्टेंबर

हिने विचारलं, "अहो, काल बोक्याला लागलं होतं का?" म्हटलं, गोलकीपरला लागणारच, तो काय बँकेत आहे?

समोरच्या भिंतीवर माझी फ्रेम आहे, तिच्याकडे बोट दाखवलं. सेमीफायनल. आमचे तीन, त्यांचे दोन. माझ्या डोक्यात लाथ बसली तेव्हा तेवीस मिनिटं उरली होती. म्हाताऱ्याने मागून तीन आणि दोन बोटं दाखवली, मी उत्तर दिलं, आत राहिलो आणि शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडवली. बोटांचं म्हाताऱ्याने नंतर सांगितलं, बाकी सगळं फ्रेममधल्या पेपरच्या कात्रणात आहे. मला स्वतःला त्यातलं काहीच आठवत नाही. बूट बांधल्याचं आठवतं आणि त्यानंतर रात्रीची बस. माझी सगळ्यात मोठी मॅच मी कात्रणावरून पाठ केली आहे.

ही म्हणाली, "त्या बसमध्ये तुम्ही मला चार वेळा विचारलंत, आपण कुठे चाललोय." हिला नको तेवढंच बरोबर आठवतं.

२३ सप्टेंबर

सकाळी मैदानावर गेलो तर चिटपाखरू नाही. गेटला कुलूप. अर्धा तास उभा राहिलो, रागाने डोकं तापलं, मुख्य कोचला फोन लावून चांगलं सुनावणार होतो. तेवढ्यात माळी आला. म्हणे, मामा, आज सोमवार, सुट्टी. त्याला विचारलं, पक्कं का? त्याने मोबाइल काढून दाखवला.

सराव मंगळवारी असतो, हे गेली सात वर्षं मला माहीत आहे. एखाद्या दिवशी होतं असं. वरची तारीखही मग चुकलीच, पण तशीच ठेवतो. खाडाखोड नको.

हिला यातलं काही सांगितलं नाही.

२ ऑक्टोबर

बोका चिडचिडा झाला आहे. सकाळी ऊन समोर आलं की डोळे बारीक करतो. उंच चेंडूंना पाव सेकंद उशिरा उडी घेतो. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मला दिसतं. लंबूने, म्हणजे आमच्या दुसऱ्या नंबरच्या गोलकीपरने, एवढंच विचारलं की मामा, बोका बरा आहे ना, तर बोका त्याच्या अंगावर धावून गेला. मी मध्ये पडलो. लंबूला म्हटलं, तू तुझं बघ. बिचारा बाकावर जाऊन बसला. त्या बाकाचा गारठा मला चांगला ठाऊक आहे.

बोक्याला बाजूला घेऊन विचारलं, डोकं दुखतं का? म्हणाला, "थोडं. सव्वीसपर्यंत काढतो मामा. नंतर झोपतो महिनाभर." मी म्हटलं, शाबास.

आज घरी येताना म्हाताऱ्याची फार आठवण झाली. हे कधी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. ही बोटांची रीत मला त्याने शिकवली. शेवटी तो एका आश्रमात होता. मी भेटायला गेलो की मला ओळखायचा नाही, पण विचारायचा, स्कोअर किती? मी तीन आणि दोन बोटं दाखवायचो. खूश व्हायचा. तोही जुना गोलकीपर, माझ्यापेक्षा जास्त खेळलेला.

३ ऑक्टोबर

म्हाताऱ्याबद्दल एक गोष्ट लिहायची राहून गेली आहे. शेवटी तो एका आश्रमात होता. मी गेलो की ओळखायचा नाही, पण विचारायचा, स्कोअर किती? मी बोटं दाखवायचो. खूश व्हायचा.

ही घरभर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावते आहे. गॅसपाशी एक, दारामागे एक. गॅस. किल्ली. चष्मा. आम्ही गोलकीपर पाण्याच्या बाटलीवर अशी पट्टी लावतो, पेनल्टी मारणारा कोण कुठल्या बाजूला मारतो ते लिहून. मी हिला म्हटलं, आपल्या स्वयंपाकघरात पेनल्टी मारायला कोण येणार आहे? ती हसली, आणि मग उगाच नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी स्वच्छ होती.

९ ऑक्टोबर

आज फिजिओबाईने सगळ्यांना बसवून डोक्याच्या माराबद्दल सांगितलं. पहिला मार कळतही नाही, म्हणाली. तो बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर माणूस मैदानातून चालत जात नाही. तिच्या आधीच्या क्लबात तिने असा एक पाहिला आहे. एकवीस वर्षांचा होता. हे सांगताना ती कुणाकडेच बघत नव्हती.

बोका बुटाची नाडी सोडून परत बांधत होता. नंतर मागच्या भिंतीपाशी तो ओकला. मी बाटलीने पाणी ओतून जागा साफ केली.

फिजिओबाईने मला थांबवलं. "मामा, बोक्याचं काही असेल तर मला सांगा. मी त्याची शत्रू नाही." मी म्हटलं, "पोट बिघडलंय त्याचं." मग ती म्हणाली, "आणि तुम्ही ठीक आहात ना? मघाशी लंबूला तुम्ही तीन वेळा दुसऱ्याच नावाने हाक मारलीत." ते नाव माझ्या चौथ्या क्लबातल्या गोलकीपरचं होतं. तोही लंबूएवढाच उंच. त्यात काय एवढं.

खोटं बोललो याचं वाईट वाटलं. पोटाबद्दल म्हणतोय.

१७ ऑक्टोबर

ताई आली होती. चहा घेतला नाही. सरळ म्हणाली, "तो रात्री खोलीत दिवा लावू देत नाही. परवा माझ्यावर ओरडला. जन्मात कधी ओरडला नाही. तुला काय माहीत आहे ते खरं सांग."

मी म्हटलं, "ताई, मॅचचं दडपण आहे. एकदा सव्वीस तारीख गेली की बघ."

"शपथ घे."

"लहान आहे का मी?"

"तू लहानपणी खोटं बोललास की असाच दाराकडे बघायचास," ती म्हणाली. मी दाराकडे बघत होतो. तिथे हिची चिकटपट्टी होती, किल्ली लिहिलेली. मी ती वाचत होतो.

ताई गेल्यावर ही म्हणाली, "सांगून टाका ना हो." मी म्हटलं, काय सांगू? मला कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? माझी ती एक मॅच गेली असती. ही म्हणाली, "ती तशीही गेलीच ना." मला राग आला. जेवलो नाही.

२५ ऑक्टोबर

उद्या मॅच. भीती वाटते. लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचणार आहे, डॉक्टर सोडून.

संध्याकाळी बोक्याला घरी बोलावून उत्तरं पाठ करून घेतली. मागची मॅच कुणाशी? तो म्हणाला, निळ्या शर्टवाल्यांशी. नाही रे, ती त्याच्या आधीची. पुन्हा विचारलं. पुन्हा निळे. तिसऱ्यांदा बरोबर सांगितलं. मग माझाच गोंधळ उडाला आणि मी आत जाऊन हळूच हिला विचारलं. ही पोळ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "हिरवे." म्हणजे तो तिसऱ्यांदा बरोबरच होता.

जाताना बोका दारात थांबला. म्हणाला, "मामा, तू मागे असशील ना?" म्हटलं, दुसरीकडे कुठे जाणार. एका क्षणाला वाटलं, सांगावं याला, उद्या नको खेळूस. तोंड उघडलंही. मग म्हटलं, गुडघे नीट गरम कर.

२८ ऑक्टोबर

दोन दिवस वही उघडली नाही. आज जमेल तसं लिहितो.

पंचावन्नाव्या मिनिटापर्यंत बोका सुरेख खेळला. तो वरच्या क्लबाचा माणूस स्टँडमध्ये पहिल्याच रांगेत होता, राखाडी टोपी घातलेला. मग एक लांब पास आला, बोका पुढे धावला, त्यांचा स्ट्रायकर पुढे धावला, आणि दोघांची डोकी आपटली. त्यांचा उठला. आमचा गुडघ्यांवर आला आणि पुन्हा खाली बसला.

फिजिओबाई आली. त्याला बोर्डाकडे पाठ करून बसवलं. ती समोर बसली, गोलाकडे पाठ करून. सगळं नेहमीसारखं. तिने विचारलं, "स्कोअर किती?"

बोक्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वेगळा दिसत होता. मी हात वर केले आणि बोटं दाखवली. मनात काडीचीही शंका नव्हती, हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

बोका म्हणाला, "तीन-दोन."

बाई बोका बघत होता तिकडे वळली. मी हात खाली घ्यायला हवे होते. घेतले नाहीत. तिने तिथूनच, अगदी शांतपणे विचारलं, "मामा, स्कोअर किती?"

मी म्हटलं, "तीन-दोन."

मग ती परत वळून समोरच्या टोकाकडे बघायला लागली, म्हणून मीही बघितलं. बोर्डावर एक-शून्य होतं. एकमेव गोल पहिल्या हाफमध्ये झाला होता आणि तो झाल्यावर मी लंबूला मिठी मारली होती. लंबूने मला नंतर तसं सांगितलं. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं अजून वर होती आणि डाव्याची दोन.

स्ट्रेचर आलं. बोका उठून नको म्हणत होता. बाईने दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबून धरले. लंबू हातमोजे घालत माझ्या शेजारून आत गेला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. राखाडी टोपीवाला वहीत काहीतरी लिहीत होता. मॅच कशी संपली ते मी कुणाला विचारलं नाही.

३१ ऑक्टोबर

हॉस्पिटल. बोक्याच्या डोक्यात रक्त साकळलेलं निघालं. हे आताचं नाही, म्हणाले, महिना-दीड महिन्यापूर्वीचं. सव्वीस तारखेला तो उरलेला वेळ खेळला असता आणि तिसऱ्यांदा लागलं असतं, तर तो मैदानातून जिवंत आला नसता, हे मला सर्जनने तोंडावर सांगितलं. ऑपरेशन झालं. बोका जगेल, बोलेल, चालेल. गोलात पुन्हा उभा राहणार नाही.

ताई बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो तर उठून दुसऱ्या टोकाला गेली. मी बोलायला गेलो. ती म्हणाली, "तू बोलू नकोस. तुझं चुकलं म्हणून तो वाचला. बरोबर दाखवलं असतंस तर मेला असता. आता सांग, तुला काय म्हणू?"

बोक्याला पाच मिनिटं भेटू दिलं. डोकं पांढऱ्या पट्टीत. दबक्या आवाजात म्हणाला, "मामा, मला काहीच ठाऊक नव्हतं रे. पण तू दाखवलंस म्हणजे तीन-दोनच असणार, असं वाटलं."

बाहेर आलो आणि रडलो. जिन्यात, रेलिंगला धरून. हिने मला तसंच धरून ठेवलं. मी हिला विचारलं, तू किती दिवसांपासून बघते आहेस? ती म्हणाली, "दोन वर्षं." मग म्हणाली, "पाहुण्यांसमोर तुम्ही अडखळलात की मी टेबलाखालून बोटं दाखवायची ना हो. वार, तारीख. तुमचंच बघून शिकले." मला वाटायचं, तिला ती एक सवय आहे.

क्लबात राजीनामा दिला. फिजिओबाईला सगळं सांगितलं, चौदा सप्टेंबरपासूनचं. तिने ऐकून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

६ नोव्हेंबर

वरची तारीख हिने सांगितली. आज डॉक्टरांकडे गेलो होतो.

त्यांनी वही चाळली. म्हाताऱ्याची गोष्ट दोनदा आली होती, त्या पानांवर खूण केली. मग मला टेबलासमोर बसवलं आणि हिला स्वतःच्या मागे, खिडकीपाशी. म्हणाले, पाच शब्द सांगतो, लक्षात ठेवा. मग इकडच्या तिकडच्या गप्पा. मग शब्द विचारले. मला दोन आले. खुर्ची, आणि आणखी एक. मग म्हणाले, "आजची तारीख?"

मी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

ही तिथे बसली होती. हात पर्सवर. तिचा उजवा हात जरासा उचलला गेला. एक बोट सुटं झालेलं मला दिसलं, मग दुसरं. मी वाट बघत होतो. मग तिने दोन्ही हात पर्सखाली घातले आणि मान खिडकीकडे वळवली. तिचे खांदे हलत होते.

डॉक्टर पेन धरून थांबले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

मी म्हटलं, "माहीत नाही."

त्यांनी ते लिहून घेतलं.